पपनसाच्या सरबतातला सोमल: मल्हारराव गायकवाडांची गोष्ट आणि एक सौम्य आम्ल

गेल्या दिवाळीत मी इंदापूर तालुक्यातल्या आमच्या घरी होतो. दुपारी एक पोरगा वॉटर प्युरिफायर विकायला आला. ओसरीवर बसून त्याने आमच्या बोअरच्या पाण्यात पेनासारखा टीडीएस मीटर बुडवला. आकडा हजाराच्या वर गेला. मग मशीनमधून काढलेल्या पाण्यात बुडवला, आकडा साठच्या आसपास. झालं, आता या पाण्यात विषाचा कणसुद्धा नाही, असं त्याने जाहीर करून टाकलं. आजी पलीकडे लसूण सोलत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, की बाबा, तुझ्या या काडीला सोमल कळतो का?

पोराला सोमल हा शब्दच ठाऊक नव्हता. मलाही नीट नव्हता. आजीला मात्र तो दोन कारणांनी माहीत होता. एक, तिच्या लहानपणी बारामतीच्या बाजारातून उंदरांसाठी आणलेली पांढरी पूड. दोन, बडोद्याच्या मल्हारराव महाराजांची गोष्ट, जी तिच्या वडिलांनी त्यांच्या आजोबांकडून ऐकली होती. तिच्या गोष्टीत महाराज पूर्ण निर्दोष आणि साहेब पूर्ण बदमाश. पुण्याला परत आल्यावर मी दोन्ही शोधत बसलो, सोमलही आणि मल्हाररावही. आणि लक्षात आलं की आजीचा प्रश्न अगदी नेमका होता. त्या काडीला सोमल कळत नाही. का कळत नाही, हे सांगायला मल्हाररावांइतका चांगला माणूस मला सापडला नाही.

गायकवाड घराणं मूळचं आपल्याच पुणे जिल्ह्यातलं, खेडजवळच्या दावडीचं. पेशवाईत गुजरातेत गेले आणि बडोद्याला राज्य उभं केलं. मल्हारराव हे दुसऱ्या सयाजीरावांचे चिरंजीव, जन्म १८३१ चा. आधी थोरले भाऊ गणपतराव गादीवर, मग १८५६ पासून दुसरे भाऊ खंडेराव. खंडेराव आणि मल्हारराव, दोन्ही नावं जेजुरीच्या एकाच देवाची, पण भावाभावांचं पटलं नाही. आपला खून करण्याचा कट मल्हारराव रचताहेत असा संशय खंडेरावांना आला आणि १८६३ मध्ये त्यांनी भावाला पादऱ्याला कैदेत टाकलं. सात वर्षं. तिशी ओलांडलेला राजपुत्र, राज्यकारभाराचा अनुभव शून्य, आणि डोक्यात काय चाललं असेल याचा आपण फक्त अंदाज करायचा.

२८ नोव्हेंबर १८७० ला खंडेराव वारले आणि कैदी सरळ राजा झाला. पण अर्धा राजा. कारण खंडेरावांच्या राणी जमनाबाई गरोदर होत्या. मुलगा झाला असता तर गादी त्याची. जमनाबाईंना जिवाची भीती वाटली म्हणून त्या ब्रिटिश रेसिडेन्सीत जाऊन राहिल्या. जुलै १८७१ मध्ये मुलगी झाली आणि मल्हाररावांची गादी पक्की झाली.

पुढच्या तीन वर्षांचं कौतुक करावं असं फारसं काही नाही. आजी रागावेल, पण ते लिहायलाच हवं. भावाच्या काळातल्या माणसांना त्यांनी हालहाल करून छळलं, काही जण कैदेत मेले. सारा वसुलीसाठी रयतेला पिळलं. खंडेरावांनी चांदीच्या तोफा केल्या होत्या, तर यांनी भरीव सोन्याच्या दोन तोफा ओतवल्या. भावावर मात करायची एवढीच कल्पना त्यांना सुचली असावी.

मार्च १८७३ मध्ये कर्नल रॉबर्ट फेअर हा रेसिडेंट म्हणून बडोद्याला आला. रेसिडेंट म्हणजे इंग्रज सरकारचा संस्थानातला डोळा, कान आणि वेळ आली तर हातसुद्धा. फेअर कडक, तक्रारी गोळा करण्यात हौशी आणि राजाशी पहिल्या दिवसापासून वाकडा. त्याच्या तक्रारींवरून चौकशी आयोग बसला आणि त्याने गैरकारभाराचे बरेच आरोप खरे धरले. व्हाइसरॉय नॉर्थब्रुकने मल्हाररावांना सुधारायला १८७५ च्या अखेरपर्यंतची मुदत दिली. मल्हाररावांनी दिवाण म्हणून थेट दादाभाई नौरोजींना बोलावलं. निवड उत्तम होती, पण फेअरचं दादाभाईंशीही जमलं नाही. त्यातच १८७४ च्या मे महिन्यात महाराजांनी लक्ष्मीबाईंशी लग्न केलं. त्या आधीच विवाहित असल्याची तक्रार आली, म्हणून फेअरने त्या लग्नाला मान्यता द्यायचं टाळलं. ऑक्टोबरात मुलगा झाला, म्हणजे आता त्याच्या वारसाहक्काचाही प्रश्न आला. २ नोव्हेंबरला मल्हाररावांनी व्हाइसरॉयला खलिता धाडला, की या रेसिडेंटला इथून हलवा.

आणि एका आठवड्याने, ९ नोव्हेंबर १८७४ च्या सकाळी, ते सरबत.

फेअर रोज सकाळी फिरून आला की त्याच्या खोलीत पपनसाच्या रसाचं सरबत ठेवलेलं असे. त्या दिवशी त्याने दोन-तीन घोट घेतले, चव बरी लागली नाही, ग्लास बाजूला ठेवला. थोड्या वेळाने मळमळायला लागलं, डोकं जड झालं. त्याने उरलेलं सरबत बाहेर फेकून दिलं. ग्लास परत ठेवताना त्याला तळाशी काळपट गाळ दिसला. त्याने तो ग्लास तसाच रेसिडेन्सीचा सर्जन डॉ. सीवर्ड याच्या ताब्यात दिला.

आता इथे थांबून रसायनशास्त्र बघू, कारण त्या गाळातच सगळी गंमत आहे.

सोमल म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइड. दोन आर्सेनिक, तीन ऑक्सिजन. पांढरी पूड, वास नाही, चव जवळजवळ नाही. पिठात, साखरेत, मिठात मिसळली तर डोळ्याला कळत नाही. आपल्याकडे आर्सेनिकची खनिजं फार जुन्या काळापासून माहीत आहेत: पिवळा हरताळ, लाल मनशीळ, पांढरा सोमल. जुन्या पोथ्यांमध्ये लिहिताना चूक झाली की त्यावर हरताळाचा पिवळा लेप देऊन अक्षर झाकायचे. हरताळ फासणे हा वाक्प्रचार तिथून आला. म्हणजे आर्सेनिक हे आपलं पहिलं डिलीट बटण.

सोमल पाण्यात विरघळला की पाण्याशी संयोग पावून आर्सेनियस आम्ल तयार होतं. मध्यभागी एक आर्सेनिक आणि त्याला तीन बाजूंनी ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. हे आम्ल बाटलीत भरून विकत मिळत नाही. ते फक्त द्रावणातच असतं. पाणी आटवायला जा, परत पांढरा सोमल हातात येतो.

साधारण २५ अंश तापमानाला १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे २ ग्रॅम सोमल विरघळू शकतो. प्रौढ माणसाला मारायला १०० ते २०० मिलिग्रॅम पुरतात, म्हणजे कागदोपत्री एका ग्लासात वीस-तीस माणसांचा जीव घेण्याइतका माल सहज मावतो. पण विरघळू शकतो आणि लगेच विरघळतो यात फरक आहे. गार पाण्यात ही पूड फार सावकाश विरघळते. ती धड भिजतही नाही, थोडी वर तरंगते, थोडी गुठळ्या करून तळाशी बसते. पूर्ण विरघळायला उकळत ठेवावं लागतं नाहीतर तासन् तास ढवळावं लागतं. ऐनवेळी सरबतात टाकलेली पूड म्हणूनच तळाला गाळ होऊन बसली. फेअर वाचला तो दोन कारणांनी: त्याने थोडंच प्यायलं, आणि विषाचा बराचसा भाग अजून विषाचं द्रावण झालेलाच नव्हता.

आता सौम्य आम्ल म्हणजे काय ते दहावीच्या पुस्तकातलं आठवा. तीव्र आम्ल पाण्यात पडलं की त्याचे जवळपास सगळे रेणू फुटून आयन होतात. सौम्य आम्लाचे थोडेच फुटतात. किती फुटतात ते पीकेए नावाच्या आकड्यावरून कळतं, आकडा मोठा तितकं आम्ल सौम्य. व्हिनेगरमधल्या ॲसिटिक आम्लाचा पीकेए ४.८ च्या आसपास. आर्सेनियस आम्लाचा ९.२. या मोजपट्टीवर एक-एक पायरी दहापटीची असते, हे लक्षात घ्या. साध्या पाण्यात, म्हणजे पीएच ७ ला, आर्सेनियस आम्लाच्या साधारण १६० रेणूंमागे एक फुटतो. पोटातल्या आम्लात, पीएच २ धरला तर, दीड कोटीत एक. म्हणजे व्यवहारात फुटतच नाही. आम्ल नावालाच.

मला आधी वाटायचं की सौम्य आम्ल म्हणजे कमी धोक्याचं. ही समजूत इथे साफ चुकते. न फुटलेल्या रेणूवर विद्युतभार नसतो. आपल्या पेशींच्या भिंतीतून भार असलेले आयन सहजासहजी आत जात नाहीत, त्यांना अडवायची व्यवस्था असते. पण बिनभाराचं आर्सेनियस आम्ल आकाराने आणि स्वभावाने ग्लिसरॉलसारखं दिसतं, आणि ग्लिसरॉलसाठी पेशींनी जे दरवाजे उघडे ठेवलेले असतात त्यातून ते आत शिरतं. म्हणजे ओटीपी न विचारता लॉगिन. आत गेल्यावर आर्सेनिक गंधकाला चिकटतं. आपल्या अनेक एन्झाइम्सचं काम गंधक-हायड्रोजनच्या टोकांवर चालतं, आणि त्यातही पायरुव्हेट डिहायड्रोजनेज हे साखरेपासून ऊर्जा काढण्याच्या साखळीतलं मोक्याचं एन्झाइम आहे. आर्सेनिक तिथेच चिमटा बसवतं. कारखाना बंद.

आर्सेनिकचं दुसरं आम्ल आहे, आर्सेनिक आम्ल, ज्यात एक ऑक्सिजन जास्त. ते बरंच तीव्र आहे, पीकेए २.२, आणि पाण्यात बहुतांशी आयन होऊनच राहतं. त्याची पद्धत वेगळी: ते फॉस्फेटचं सोंग घेतं. तेही विषारीच, पण सौम्य असलेलं पहिलं आम्ल त्याच्याहून जास्त जहाल समजलं जातं.

लक्षणं काय? उलट्या, पोटात पिळवटून येणं, भाताच्या पेजेसारखे जुलाब, पायात गोळे, शेवटी हृदय थांबणं. हे वाचून एकोणिसाव्या शतकातल्या कुठल्याही वैद्याने एकच निदान केलं असतं, पटकी. कॉलऱ्याच्या साथी तेव्हा सतत येत. सोमल घालून मारलेली किती माणसं पटकीच्या यादीत जमा झाली असतील, देव जाणे.

उताऱ्याचं म्हणाल तर शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बर्नरवाल्या बुन्सेनने १८३४ मध्ये बर्टहोल्डबरोबर दाखवलं होतं की ताजं बनवलेलं लोहाचं हायड्रॉक्साइड पोटातलं आर्सेनिक धरून ठेवतं. रक्तात गेलेल्या आर्सेनिकवर नेमकं औषध मात्र दुसऱ्या महायुद्धापर्यंत नव्हतं. लुइसाइट या आर्सेनिकच्या विषारी वायूवर उतारा म्हणून ऑक्सफर्डला ते तयार झालं. त्याच्या रेणूत गंधकाची दोन टोकं आहेत, आर्सेनिकला एन्झाइमपासून ओढून घ्यायला. फेअरच्या काळी उलटी होणं हाच मोठा उपाय.

डॉ. सीवर्डने गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. काही कण चकाकत होते. मग थोडा गाळ कोळशाबरोबर नळीत तापवला. कोळसा सोमलातला ऑक्सिजन काढून घेतो आणि मोकळं झालेलं आर्सेनिक वाफ होऊन वरच्या गार काचेवर चकचकीत कडं धरतं. कडं दिसलं. उरलेला गाळ मुंबई सरकारचा रासायनिक विश्लेषक डॉ. ग्रे याच्याकडे गेला. त्यानेही आर्सेनिक असल्याचं सांगितलं, आणि ते चकाकणारे अतिशय कठीण कण हिऱ्याचे असावेत असं मत दिलं.

त्या काळी आर्सेनिक पकडण्याची सगळ्यात गाजलेली पद्धत जेम्स मार्शची. मार्श हा इंग्लंडमधल्या वुलिचच्या शस्त्रागारातला रसायनतज्ज्ञ. १८३२ मध्ये कॉफीतून आजोबांवर विषप्रयोग केल्याच्या एका खटल्यात त्याने विष ओळखलं होतं, पण ज्युरीपुढे जाईपर्यंत त्याचा पिवळा साका बिघडला आणि नातू सुटला. पुढे त्या नातवाने गुन्हा कबूल केला. मार्श इतका चिडला की १८३६ मध्ये त्याने नवी चाचणी काढूनच दाखवली. संशयित पदार्थात जस्त आणि आम्ल टाकायचं. आर्सेनिक असेल तर आर्साइन वायू निघतो. तो तापवलेल्या काचेच्या नळीतून सोडला की पुढे आर्सेनिकचा काळा आरसा जमतो. विष डोळ्यांना दिसतं, आणि आरसा कोर्टात नेईपर्यंत टिकतो.

हिऱ्याचं आपल्या लोकांना काही नवल वाटलं नसेल. हिरकणी खाऊन जीव दिला ही भाषा आपल्याकडे जुनीच आहे. पण हिरा म्हणजे निव्वळ कार्बन, पोटातलं आम्ल त्याचं काही वाकडं करू शकत नाही आणि त्याची बारीक पूड विष म्हणून काम करत नाही. खरोखर हिरा घातला असेल, तर घालणाऱ्याने चांगला माल वाया घालवला.

यानंतरची गोष्ट पोलिसांची. सरकारने फेअरला हलवलं, म्हणजे मल्हाररावांची मागणी एका अर्थाने मान्यच झाली, आणि सर लुईस पेलीला बडोद्याला पाठवलं. मुंबईचा पोलिस कमिशनर फ्रँक सूटर तपासाला आला. डिसेंबरात रेसिडेन्सीचा हवालदार रावजी फुटला. महाराजांकडून पैसे आणि पुड्या मिळाल्याचं त्याने सांगितलं, आणि त्याच्या पट्ट्यात लपवलेली सोमलाची एक पुडी पोलिसांना सापडली. नरसू जमादारानेही कबुलीजबाब दिला आणि नंतर विहिरीत उडी घेतली. त्याला वाचवलं. महाराजांचा खाजगी कारभारी दामोदरपंत माफीचा साक्षीदार झाला. सोमल आपण घोड्याच्या औषधाच्या नावाखाली मागवला आणि हिरे जवाहिऱ्याकडून आणले, असा त्याचा जबाब.

जानेवारी १८७५ मध्ये मल्हाररावांना अटक झाली. राज्य करत असलेल्या राजाला अटक करून त्याच्यावर आयोग बसवणं ही तेव्हा अख्ख्या देशाला हादरवणारी गोष्ट होती. २३ फेब्रुवारीला कामकाज सुरू झालं. अध्यक्ष बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच, बरोबर मीड आणि मेलव्हिल हे दोन इंग्रज. हिंदी बाजूने ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव राजवाडे. सरकारतर्फे मुंबईचे ॲडव्होकेट जनरल स्कोबल. महाराजांनी लंडनहून सार्जंट बॅलंटाइन नावाचा नामांकित बॅरिस्टर प्रचंड फी देऊन आणला.

बॅलंटाइनने रसायनशास्त्राला हात लावायच्या फार भानगडीत न पडता साखळीच्या बाकीच्या कड्या धरल्या. गाळात सोमल होता, ठीक. पण तो महाराजांच्या सांगण्यावरून आला हे कोण सांगतंय? स्वतःच्या तोंडाने गुन्हा कबूल केलेली आणि पोलिसांच्या ताब्यात असलेली माणसं. ज्या हेमचंद जवाहिऱ्याकडून हिरे आल्याचं सांगितलं, तो साक्षीला उभा राहिल्यावर पोलिसांनी दबाव आणल्याचं म्हणू लागला. पुड्यांमध्ये सोमल आणि हिऱ्याची पूड आहे ही बातमी फेअरला एका खबऱ्याकडून मुंबईचा अहवाल येण्याआधीच मिळाली होती, त्याचंही काय? आणि ज्या माणसाने आठवड्यापूर्वी रीतसर खलिता धाडून रेसिडेंट बदलून मागितला, तो त्याच रेसिडेंटला विष घालून सगळा संशय स्वतःवर ओढवून घेईल?

माझ्या कामात असे प्रसंग येतात. सर्व्हरचा लॉग सांगतो की अमुक वेळी अमुक अकाउंटवरून डेटा उडवला गेला. लॉग खोटं बोलत नसतो. पण त्या अकाउंटमागे तेव्हा कोण बसलं होतं हे लॉगला माहीत नसतं. नळीतल्या काळ्या कड्याचं तसंच आहे. ग्लासात काय होतं ते त्याने पक्कं सांगितलं. कुणी घातलं ते सांगणं त्याचं कामच नव्हतं, आणि ते काम ज्यांच्यावर सोपवलं ते साक्षीदार लटपटत होते.

आयोग बरोबर मधून फुटला. तिन्ही इंग्रजांच्या मते महाराज दोषी. जयपूर, ग्वाल्हेर आणि दिनकरराव यांच्या मते आरोप सिद्ध झालेला नाही. तीन विरुद्ध तीन. मग सरकारने काय करावं? विषाचा मुद्दा बाजूला ठेवला, आणि गैरकारभाराच्या कारणावरून एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत करून मद्रासला धाडलं. सुधारायला दिलेली मुदत अजून आठ महिने शिल्लक होती.

माझं मत विचाराल तर मल्हारराव वाईट राजे होते आणि त्यांच्यावरचा हा आरोप सिद्ध झाला नव्हता. दोन्ही वाक्यं एकत्र खरी असू शकतात. तेव्हाच्या मराठी लोकांनी मात्र दुसरंच वाक्य उचललं. आजीच्या पणजोबांनीही तेच उचललेलं दिसतं. मराठी मुलखात तेव्हा वातावरणच तापलेलं होतं. पदच्युतीनंतर महिना होतो न होतो तोच, १२ मे १८७५ ला, आजच्या बारामती तालुक्यातल्या सुप्याला बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली, कर्जरोखे जाळले, आणि ते लोण इंदापूरसकट आजूबाजूच्या तालुक्यांत पसरलं. त्या दंग्याची कारणं वेगळी होती, कापसाचे पडलेले भाव, सारा आणि कर्ज. पण एकाच उन्हाळ्यात आपल्या भागातल्या माणसाने बडोद्याच्या राजाची आणि सुप्याच्या सावकाराची बातमी एका पारावर ऐकली असणार.

जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक घेतला. १८७५ मध्येच तो गादीवर बसला, आणि आपण त्याला सयाजीराव महाराज म्हणून ओळखतो. फेअरला त्या सरबताने पुढे काही त्रास दिलेला दिसत नाही. १८८० मध्ये तो अफगाण युद्धात कंदाहारकडे फौज घेऊन निघाला होता, आणि १८९७ पर्यंत जगला.

आता ती काडी. टीडीएस मीटर पाण्यातले क्षार मोजत नाही, पाण्यातून वीज किती जाते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतो. वीज वाहून नेतात ते आयन. आर्सेनियस आम्ल पाण्यात फुटतच नाही, म्हणजे त्याच्याकडे आयन जवळपास नाहीत, म्हणजे काडीच्या दृष्टीने ते पाण्यात नाहीच. दुसरं, पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. काडीवर दिसणारा सगळ्यात लहान आकडा १, म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम, मर्यादेच्या शंभरपट. त्या पोराने फेअरच्या ग्लासात काडी बुडवली असती तर तिने पपनसाच्या रसाचा आकडा दाखवला असता आणि सोमलाबद्दल चकार शब्द काढला नसता.

आरओचंही थोडं तसंच. त्याचा पडदा भार असलेल्या आयनांना चांगला अडवतो. बिनभाराचं आर्सेनियस आम्ल त्यातून बऱ्याच प्रमाणात निसटू शकतं. म्हणून जिथे खरोखर आर्सेनिकचं पाणी आहे तिथे आधी क्लोरीनसारखं काहीतरी वापरून सौम्य आम्लाचं तीव्र आम्ल करतात, म्हणजे भार येतो, आणि मग ते लोहाच्या गाळणीवर धरतात. बुन्सेनचंच लोह, आता पोटाऐवजी टाकीत. बंगाल, बिहार, बांगलादेशात हा कोट्यवधी लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागातही विहिरींत आर्सेनिक सापडलेलं आहे. तिथे कुणी टीडीएसचा आकडा दाखवून पाणी शुद्ध म्हणून विकलं, तर ते मल्हाररावांच्या आयोगातल्या कुठल्याही साक्षीपेक्षा वाईट.

इंदापूर-बारामतीच्या काळ्या पाषाणातल्या बोअरला मुख्य तक्रार क्षारांची आणि नायट्रेटची असते, आर्सेनिकची नाही. तरी आजीने विचारलंच होतं म्हणून मी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत दिला आणि नेहमीच्या यादीत आर्सेनिक नव्हतं ते वेगळं लिहून मागितलं. तुम्हीही दिलात तर हे वेगळं विचारा, नाहीतर टीडीएस, कठीणपणा आणि पीएचवरच अहवाल संपतो.

आणि ज्या फोनवर तुम्ही हे वाचताय त्यातही आर्सेनिक आहे. टॉवरकडे सिग्नल पाठवणाऱ्या चिपमध्ये गॅलियम आर्सेनाइड असतं, चेहरा ओळखून उघडणाऱ्या फोनच्या छोट्या लेझरमध्येही. ते घट्ट बांधलेलं आहे, खिशात ठेवून काही होत नाही. जुने फोन उघड्यावर जाळले किंवा आम्लात टाकून सोनं काढायला गेलं, की ते सुटतं, आणि पाण्यात पोचलं की पुन्हा आपलं हेच दोन आम्लांचं कुटुंब.

मल्हारराव मद्रासला सात वर्षं नजरकैदेत राहिले, पादऱ्याला काढली होती तेवढीच. १८८२ मध्ये तिथेच वारले. आमच्या बोअरचा अहवाल आला तेव्हा आर्सेनिकपुढे मर्यादेपेक्षा कमी असं लिहिलेलं होतं. मी आजीला फोन करून सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं आणि विचारलं, की मग महाराजांनी नव्हता ना घातला?